गाळलेला 'तरी'

"शांतवन आल्हाट मास्तरांची वाचा गेली. प्रभू, तुझे उपकार."

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि सवयीप्रमाणे सगळ्या चर्चने एका सुरात उत्तर दिलं, "प्रभू, तुझे उपकार!"

उत्तर देऊन झालं आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आपण हे काय बोलून बसलो. बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. पुरुषांच्या बाजूला एकाने खोकला काढला, मग दुसऱ्याने, मग दहाबाराजणांना एकदम खोकला झाला. पाळकसाहेबांनी पुढची चिठ्ठी उचलली होती, ती तशीच हातात राहिली. आणि पहिल्या बाकाच्या कडेला, घरून आणलेल्या वेताच्या खुर्चीत, खुद्द शांतवन आल्हाट मास्तर बसले होते. म्हणजे माझे बाबा. त्यांचे कान लालबुंद झाले होते आणि तोंडातून "अ... अ... अ..." एवढंच बाहेर पडत होतं.

"बघा गं, मास्तरसुद्धा उपकार मानताहेत!" मार्थामावशी गहिवरून म्हणाल्या.

माझी आई, सगुणाबाई, माझ्या शेजारी बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. चिठ्ठी तिची होती. पण अक्षर माझं होतं.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी तेव्हा वीस वर्षांची. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावाला लागून आमचं मिशन कंपाउंड होतं. पंचवीसतीस कौलारू घरं, एक शाळा, एक दवाखाना आणि मधोमध चर्च. एका घरात फोडणी दिली की दुसऱ्या घरात शिंक यायची. तिथे कुणाचं काही झाकून राहण्याची सोयच नव्हती, आणि राहिलंच तर त्यासाठी उपकाराचा रविवार होता.

महिन्याचा पहिला रविवार हा उपकाराचा. चर्चच्या दाराशी पत्र्याची एक पेटी टांगलेली असायची. महिन्याभरात देवाने जे केलं त्याबद्दल आभाराची चिठ्ठी लिहून तीत टाकायची, पाळकसाहेब ती वाचणार, मंडळी उत्तर देणार. लिहायची एक रीत ठरलेली होती. चांगलं घडलं असेल तर 'प्रभू, तुझे उपकार'. वाईट घडलं असेल तर 'तरी प्रभू, तुझे उपकार'. सुखात आणि दुःखात सारखेच आभार मानायचे असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सारख्या आभारात फरक तो एवढ्या 'तरी'चा. ऐकणाऱ्याने कौतुकाचा चेहरा करायचा की हळहळीचा, हे त्या 'तरी'वरून कळायचं.

मार्थामावशी महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी 'आमच्या घरी फ्रिज आला, प्रभू, तुझे उपकार' ही चिठ्ठी सलग तीन महिने टाकली. चौथ्या महिन्यात आली, 'फ्रिज बिघडला, तरी प्रभू, तुझे उपकार.' त्या दिवशी मंडळीने दिलेलं उत्तर फार मनापासूनचं होतं.

पण 'तरी'चा खरा वापर करावा तो माझ्या बाबांनीच. बाबा शाळेत मराठी शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या कंपाउंडला शिकवायला लागले. शुद्धलेखन, शिष्टाचार, श्रद्धा, सगळंच. जेवणाआधीची प्रार्थना तेच करायचे. आम्ही डोळे मिटून, हात जोडून बसायचो. ताटात भाकरी निवत असायची आणि बाबांचा भरदार आवाज घुमायचा.

"हे दयाळू पित्या, आजची भाकरी करपली आहे, तरी तुझे उपकार. कालवणात मीठ सैल हाताने पडलं आहे, तरी तुझे उपकार. तू मला मुलगा दिला नाहीस, दोन मुली दिल्यास, तरी तुझे उपकार. माझ्या पत्नीला तू अक्कल थोडी दिलीस, पण मला सहनशक्ती भरपूर दिलीस, तुझे उपकार मानावे तेवढे थोडे. आमेन."

"आमेन," आई म्हणायची.

काय करणार? भांडण असतं तर आईने चार शब्द सुनावले असते, तिलाही तोंड होतं. पण बाबा तिच्याशी बोलतच नव्हते ना. ते देवाशी बोलत होते. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, आणि डोळे मिटलेल्या माणसाकडे रागाने बघूनही उपयोग नसतो. पाहुणे जेवायला असले की बाबांच्या प्रार्थनेला आणखी बहर यायचा. पाहुणे एक डोळा किलकिला करून आईकडे बघायचे आणि आईच्या मिटलेल्या पापण्या थरथरायच्या. मी ते कितीदा तरी पाहिलंय. मीही डोळे उघडे ठेवायचे.

आई बालवाडीत शिकवायची, पण घरात एक ओळ लिहायची नाही. लग्नानंतर तिने माहेरी लिहिलेलं पहिलं पत्र बाबांनी आधी वाचलं होतं आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत सांगितलं होतं की, प्रभू, हिचं अक्षर फक्त तुलाच वाचता येईल, तरी तुझे उपकार. तेव्हापासून आईच्या चिठ्ठ्या दुसरं कुणीतरी लिहायचं. आधी थोरली ताई लिहायची. तिचं लग्न होऊन ती संगमनेरला गेली, मग मी.

ऑगस्टमधल्या एका दुपारी बाबांची प्रार्थना रंगात आली होती. "हे दयाळू पित्या," ते म्हणाले, "आजच्या आमटीत..."

आणि थांबले. आई डोळे मिटून वाट बघत राहिली. मीही. आमटीत काय झालं होतं ते पुढे कधीच कळलं नाही. कारण मी डोळे उघडले तेव्हा बाबा एका बाजूला कलले होते आणि त्यांचा ओठ खाली ओघळला होता.

अर्धांगाचा झटका. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं हातावर निभावलं, समजतंय सगळं, बोलणं येईल हळूहळू किंवा येणारही नाही. आई नऊ दिवस दवाखान्यात पाटावर बसून होती. घरी आणल्यावरही तिने काही म्हणजे काही कमी केलं नाही. अंघोळ, मालीश, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकटीने. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट ऐकून लोक आईला नावं ठेवतात.

घरी आल्यावर पहिल्यांदा जेवायला बसलो आणि पंचाईत झाली. प्रार्थना कोण करणार? बाबा आईकडे बघत होते. आई माझ्याकडे. मग तिने घसा खाकरला, डोळे मिटले.

"प्रभू, जेवण दिलंस. तुझे उपकार. आमेन."

मी डोळे मिटेपर्यंत प्रार्थना संपलीसुद्धा. त्या दिवशी मी आमच्या घरात पहिल्यांदा गरम भाकरी खाल्ली. वाफ येणारी! मला तर भाकरीला अशी चव असते हेच माहीत नव्हतं.

बाबांना पाटी दिली होती. डाव्या हाताने वेडंवाकडं एखादं अक्षर काढायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घासाबरोबर पाटी पुढे केली. 'मीठ.'

आईने पाटी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "दिसत नाही हो," ती म्हणाली. "अक्षर फारच वाईट आलंय." आणि पदराने पाटी पुसून परत दिली.

मला ठसका लागला. बाबा माझ्याकडे असे बघत होते की पूर्वी असतं तर आठवडाभर प्रार्थनेत माझंच नाव निघालं असतं.

असे पाचसहा आठवडे गेले, आणि मग तो उपकाराचा रविवार, ती चिठ्ठी आणि तो खोकला.

मंगळवारी दुपारी तिघंजण घरी आले. पाळकसाहेब, मंडळीचे मुख्य पंच लाजरसकाका साबळे आणि मार्थामावशी. बाबा कोपऱ्यात खुर्चीत होते, मांडीवर पाटी. आईने चहा ठेवला.

"वहिनी," लाजरसकाकांनी बशीत चहा ओतत सुरुवात केली, "मास्तर म्हणजे मंडळीचा आधारस्तंभ. त्यांची वाचा गेली आणि आपण उपकार मानतो, हे बरं दिसतं का?"

"उपकार मानू नये म्हणता?" आईने विचारलं.

"तसं नाही म्हणत मी."

"पाळकसाहेब, तुम्हीच परवा सांगितलंत ना, बरं घडो वाईट घडो, देवाचे आभार मानायचे. मी मानले. माझं काय चुकलं?"

पाळकसाहेब नवखे होते, जेमतेम तिशीचे. एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं एका पट्टीत वाचायचे, आणि वाचलेलं बऱ्याचदा त्यांना चर्च सुटल्यावर कळायचं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तत्त्वतः बरोबर आहे बाईंचं," ते म्हणाले.

"तत्त्व राहू द्या हो साहेब!" लाजरसकाका खवळले. "लोक हसताहेत. कारखान्याच्या गेटवर माझ्या तोंडावर एकजण म्हणाला, काका, आमच्या बायकोलाही तुमच्या चर्चमध्ये पाठवू का?"

मार्थामावशींनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अगं सगुणा, चूक केवढीशी आहे! 'तरी' राहिला गं तुझा. 'वाचा गेली, तरी प्रभू, तुझे उपकार.' असं लिहिलं असतंस तर सगळे रडले असते. मी तर हुंदका तयारच ठेवला होता."

"'तरी' कुठे लिहायचा ते मला कळतं, मार्थाबाई," आई म्हणाली. "एकतीस वर्षं ऐकतेय."

कोपऱ्यात पेन्सिल कुरकुरली. बाबांनी पाटी वर धरली. वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माफी'.

लाजरसकाकांना जोर आला. "बघा! मास्तरही तेच म्हणताहेत."

"कुणी कुणाची मागायची, तेही लिहा की," आई बाबांना म्हणाली. अगदी मऊ आवाजात. बाबांनी पाटी खाली केली.

मग काकांनी बशी ठेवली आणि पंचांचा निर्णय सांगून टाकला. येत्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे मेजापाशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याआधी आईने मंडळीपुढे उभं राहून म्हणायचं, की चिठ्ठीत चूक झाली, 'तरी' राहून गेला. एवढं म्हटलं की झालं. नाही म्हटलं तर आईला प्रभुभोजन मिळणार नाही.

आई एकदम पांढरी पडली. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर एकतीस वर्षं तिनेच धुतलेली, तिनेच खळ घालून इस्त्री केलेली. ताप असो, बाळंतपण असो, तिने एकदाही ते भोजन चुकवलेलं नव्हतं. घरात तिला किंमत नव्हती. पण त्या मेजापाशी गुडघे टेकले की ती सगळ्यांच्या बरोबरीची व्हायची. बाबांच्यासुद्धा. तेवढंच तर तिचं होतं.

"खोटं बोलून भोजन घेऊ?" तिने पाळकसाहेबांना विचारलं.

"खोटं कसं? चूक झाली एवढंच..."

"झाली असती तर म्हटलं असतं."

पाळकसाहेबांनी परत चष्मा काढला. कप तसेच ठेवून तिघं निघून गेले.

तो आठवडा कसा गेला ते मलाच ठाऊक. नळावर बायका आई आली की गप्प व्हायच्या आणि गेली की फुटायच्या. आईने शनिवारी चादर धुतली, खळ घातली, दोरीवर वाळत टाकली आणि कितीतरी वेळ तिच्यासमोर उभी राहिली. मला तिला विचारायचं होतं, काय ठरवलंयस? पण तिच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

रविवारी उपदेश संपला. मेजावर तीच चादर होती. पाळकसाहेब म्हणाले, "सगुणाबाई आल्हाट यांना मंडळीपुढे दोन शब्द बोलायचे आहेत."

आई उभी राहिली. तिने पुढच्या बाकाची पाठ धरली होती. अख्खं चर्च माना वळवून बघत होतं. मार्थामावशींनी रुमाल काढून ठेवला होता. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, हनुवटी वर. मला त्या हनुवटीचा इतका संताप आला! आईने तोंड उघडलं, मेजाकडे पाहिलं आणि परत मिटलं. आता ही 'नाही' म्हणणार आणि हिला सगळ्यांदेखत बाहेर बसवणार, असं माझ्या मनात आलं, आणि मी ताडकन उठले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "चिठ्ठी मी लिहिली. आईने 'तरी' सांगितला होता. मी गाळला."

चर्चभर एक सुस्कारा पसरला. "पोरीची चूक!" लाजरसकाका मोठ्याने म्हणाले. "तरीच! वहिनी असं कशाला लिहितील?" पाळकसाहेबांचा तर चेहराच उजळला. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून परत वाचलं, "शांतवन आल्हाट मास्तरांची वाचा गेली, तरी प्रभू, तुझे उपकार!" मंडळीने दणदणीत उत्तर दिलं. मार्थामावशींनी आठवडाभर राखून ठेवलेला हुंदका दिला. आई हळूच खाली बसली. तिला प्रभुभोजन मिळालं.

मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं. घरी येताना मी वाट बघत होते, आई आता माझा हात धरेल, मग धरेल. दारात पोचल्यावर ती थांबली.

"सरू, एकतीस वर्षांत मी एक वाक्य बोलले होते," ती म्हणाली. "तेही तू खोडलंस."

आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आता खरं काय घडलं होतं ते सांगते. चिठ्ठी लिहिताना मी आईला विचारलं होतं. "आई, 'तरी' राहिला." ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाही राहिला. सांगितलं तेवढंच लिही." मी तेवढंच लिहिलं होतं. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. आणि मी सगळ्या चर्चपुढे, देवाच्या मेजासमोर, तिचं वाक्य दुरुस्त करून दिलं. बाबांनी केलं असतं अगदी तसंच. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधी वाटली नाही.

मग तीनचार महिने गेले. दवाखान्यातल्या सिस्टरनी बोलण्याचे व्यायाम शिकवले होते. ते रोज सकाळी बाबांकडून करून घ्यायची कोण? तर आईच. समोर पाट घेऊन बसायची. "म्हणा, आ. म्हणा, ई. ओठ जुळवा. पा... णी." बाबा वैतागायचे, पाटी फेकायचे. आई पाटी उचलून परत पुढ्यात ठेवायची. "म्हणा. पा... णी." मी एकदा तिला म्हटलंही, "कशाला गं एवढी जीव तोडून शिकवतेस? आलं बोलणं की पहिलं तुझंच नाव काढतील."

"माणूस आहे तो," आई म्हणाली. "मुकं कुणी राहू नये. मला विचार."

जानेवारी संपत आला. एका दुपारी आईने बाबांना वरणभाताचा घास भरवला. बाबांनी तो चावला, गिळला, ओठ जुळवले आणि अगदी स्वच्छ म्हणाले,

"मीठ."

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"मीठ... जास्त."

आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मी कंपाउंडभर सांगत सुटले. लाजरसकाका पेढे घेऊन आले. मार्थामावशी फ्रिजमधलं थंड सरबत घेऊन आल्या. आठ दिवसांत बाबांची गाडी हळूहळू रुळावर आली. अडखळत का होईना, वाक्यं जुळायला लागली.

तो शनिवार होता. आम्ही जेवायला बसलो. आईने सवयीने डोळे मिटले आणि "प्रभू" म्हणाली, तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला. मी करतो, अशी खूण.

"हे... दयाळू... पित्या," बाबा म्हणाले. प्रत्येक शब्दाला घाम येत होता, पण सोडायला तयार नव्हते. "सहा महिने... मला... या बाईच्या... हाती... ठेवलंस. अळणी... खारट... गिळलं. तरी... तुझे... उपकार. आमेन."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सहा महिने तिने तळहातावर जपलं, शब्द न् शब्द शिकवला, आणि त्या शब्दांचं पहिलं काम हे! मी डोळे उघडले. आईच्या पापण्या थरथरत होत्या, पूर्वीसारख्याच.

"आमेन," ती म्हणाली. भाकऱ्या गार झाल्या होत्या.

जेवणं झाल्यावर तिने माझी वही मागितली. दुसऱ्या दिवशी उपकाराचा रविवार होता.

"सांग, मी लिहिते," मी म्हणाले.

"नको. मीच लिहिते. तू शब्द गाळतेस."

तिने पानाचा तुकडा फाडला, पाट पुढे ओढला आणि जीभ दाताखाली धरून लिहायला लागली. बालवाडीतली पोरं लिहितात तशी. दहापंधरा मिनिटं लागली. मला बघू दिलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मास्तर बोलायला लागले ही खबर कारखान्यापर्यंत गेली होती. बाबा काठी टेकत स्वतः चालत आले, पहिल्या बाकावर बसले आणि येईल त्याच्याकडून अभिनंदन घेत होते. पाळकसाहेबांनी पेटी उघडली. कुणाची बदली झाली, कुणाचा गुडघा दुखायचा थांबला, कुणाची शेळी व्याली. नेहमीच्या एका पट्टीत वाचणं चाललं होतं. मग त्यांनी एक चिठ्ठी उलगडली आणि ते थांबले. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"अक्षर जरा... हं. सगुणाबाई आल्हाट," ते म्हणाले आणि एकेक शब्द लावून वाचायला लागले. "माझ्या... पतीची... वाचा... परत... आली."

सगळं चर्च हसऱ्या चेहऱ्याने बाबांकडे वळलं. बाबांनी किंचित मान झुकवली. उत्तर द्यायला मंडळीने श्वास घेतला.

"थांबा, थांबा, पुढे आहे," पाळकसाहेब म्हणाले. नाक चिठ्ठीला लावून त्यांनी ते अक्षर ओळखलं आणि ओळखल्याच्या आनंदात जरा मोठ्यानेच वाचलं. "तरी! हां. तरी प्रभू, तुझे उपकार."

घेतलेला श्वास सोडायला तर हवाच. "प्रभू, तुझे उपकार!" मंडळी म्हणाली.

या वेळी कुणाला खोकला झाला नाही. छपरावरची कबुतरं तेवढी ऐकू येत होती. मग अगदी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हातारी बाई एकटीच पुन्हा म्हणाली, "प्रभू, तुझे उपकार," आणि तिच्या शेजारच्या दोघीतिघी म्हणाल्या. सावकाश, मनापासून. बाबांची झुकलेली मान वर आली नाही.

चर्च सुटल्यावर लाजरसकाकांनी आम्हाला पायरीवरच गाठलं. "वहिनी, या खेपेला 'तरी' नको होता हो तिथे! आनंदाची गोष्ट ती!"

"पुन्हा तूच लिहिलीस का गं?" मार्थामावशींनी माझ्यावर डोळे वटारले.

"नाही मावशी," मी म्हणाले. "या वेळी आईने लिहिली. तिच्या हाताने."

"मागच्या खेपेला एक 'तरी' राहिला होता ना, काका," आई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, राहायला नको होता. तो आता घातला. फिटली ना चूक?"

लाजरसकाकांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "तत्त्वतः..." ते म्हणाले. चष्मा पुसत असताना ते हसत होते, हे मी पाहिलं.

घरी आलो. आईने चूल पेटवली. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, तशी मी धावले. आई तव्यासमोर हाताची घडी घालून उभी होती आणि तव्यावरची भाकरी काळी होताना शांतपणे बघत होती. मी उलथनं घ्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

ताटं वाढली. बाबांच्या ताटात ती भाकरी. मी आईच्या हातच्या हजारो भाकऱ्या खाल्ल्या, इतकी करपलेली तिने आयुष्यात केली नव्हती. आम्ही हात जोडले. आईने डोळे मिटले नाहीत. बाबांनी मिटले, मग एक उघडला, आणि ती आपल्याकडेच बघतेय हे पाहून दोन्ही उघडे ठेवले.

"हे दयाळू पित्या," ते म्हणाले. "आजची... भाकरी..."

ते थांबले. ओठ हलत होते. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसत होता. जीभ दातांना लागली होती. आई बघत होती. पाटावर बसून त्यांच्याकडून 'पाणी' म्हणवून घ्यायची, तशीच. शब्द फुटायची वाट बघत.

बाबांनी आवंढा गिळला.

"आजच्या भाकरीबद्दल... तुझे उपकार. आमेन."

"आमेन!" आई म्हणाली. तिचं 'आमेन' शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल.

बाबांनी ती सगळी भाकरी खाल्ली. कडासुद्धा टाकल्या नाहीत.

"आणखी एक वाढू?" आईने विचारलं.